पाटीवरून वहींत : कॅमेऱ्यांतील छायाचित्रें संगणकांत उतरवून घेण्याविषयीं

फळ्यावर किंवा पाटीवर लिहिलेला मजकूर वहींत उतरवून घ्यावा, आणि उतरवून घेतलेला मजकूर मुळाशीं ताडून पाहिल्यावांचून पाटी पुसूं नये, हा धडा शाळेंत पाय ठेवल्या दिवसापासून आपण शिकत आलों आहों. धडा इतका जुना आहे कीं, तो आतां कोणास सांगावा लागत नाहीं. परंतु तोच धडा नव्या वेषांत समोर आला म्हणजे मोठमोठीं जाणतीं माणसेंहि त्यास ओळखीत नाहींत, असें आमच्या पाहण्यांत वारंवार येतें. ज्या डिजिटल कॅमेऱ्यानें आज घरोघर छायाचित्रें घेतलीं जातात, त्यांतील मेमरी कार्ड ही एक पाटीच होय. ती भरली म्हणजे पुसावयाची, आणि पुन्हां तिच्यावर लिहावयाचें. संगणक ही वही. पाटीवरील चित्रें वहींत कशीं उतरवावीं, तीं बरोबर उतरलीं कीं नाहीं हें कसें पाहावें, आणि पाटी केव्हां पुसावी, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. विद्यार्थ्यांस तो पाठासारखा उपयोगी पडावा, आणि त्यांच्या पालकांस घरच्या कामीं यावा, अशी आमची इच्छा आहे.

१. रोल आणि कार्ड

छायाचित्रणाची कला आपल्याकडे नवी नाहीं. मुंबईस १८५४ सालीं फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली होती, आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधु डॉ. नारायण दाजी हे त्या काळच्या नामांकित छायाचित्रकारांपैकीं एक होते. त्या दिवसांत कांचेवर रासायनिक द्रव्याचा थर देऊन तिच्यावर चित्र घेत. पुढें कांच जाऊन फिल्मची गुंडाळी, म्हणजे रोल, आला. ज्यांचे आजी-आजोबा हयात आहेत त्या विद्यार्थ्यांनीं त्यांस अवश्य विचारावें. छत्तीस चित्रांचा एक रोल कसा पुरवून पुरवून वापरीत, तो धुवावयास कसा देत, आणि धुवून आलेल्या पट्टीवरील उलट चित्र उजेडासमोर धरून कसें पाहत, हें ते आवडीनें सांगतील.

ह्या रीतींत खर्च पुष्कळ होता. परंतु तींत एक सोयहि होती, आणि ती कोणाच्या ध्यानांत येत नसे. चित्र घेतलेला रोल पुन्हां वापरतां येत नसे. त्यामुळें कितीहि काटकसरी मनुष्य असला तरी तो रोल रिकामा करण्याच्या भरीस पडत नसे. निगेटिव्ह घरांत कोठें तरी पाकिटांत पडून राही, आणि छापील प्रत हरवली तरी तीवरून दुसरी काढतां येई. डिजिटल कॅमेऱ्यानें रोलचा खर्च वांचविला, आणि त्याबरोबर ही न मागतां मिळणारी राखणहि काढून घेतली. ज्या वस्तूवर मूळ चित्र असतें तीच वस्तु पुसून पुन्हां वापरावयाची, हा व्यवहार रोलच्या छायाचित्रणांत नव्हता. पूर्वीं जी काळजी वस्तूच घेत असे, ती आतां माणसानें घ्यावयाची आहे.

ह्या नव्या कॅमेऱ्याचा इतिहास थोडक्यांत असा. १९६९ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत विलर्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ या दोघांनीं, पडलेल्या प्रकाशाच्या प्रमाणांत विजेचा भार सांठवून तो मोजतां येईल, अशा घटकाची कल्पना मांडली. त्यांस त्याबद्दल २००९ सालच्या पदार्थविज्ञानाच्या नोबेल पारितोषिकांत वांटा मिळाला. १९७५ सालीं कोडॅक कंपनींतील स्टीव्हन सॅसन या तरुण अभियंत्यानें अशा घटकाचा उपयोग करून हातीं धरतां येईल असा डिजिटल कॅमेरा जुळविला. त्याचें वजन साडेतीन किलोंहून थोडें अधिक होतें. त्यांतील चित्र अवघ्या १०,००० ठिपक्यांचें, आणि तेंहि काळें-पांढरें. एक चित्र कॅसेटच्या फितीवर नोंदविण्यास २३ सेकंद लागत. मग ती फीत काढून दुसऱ्या यंत्रांत घालावयाची, आणि दूरचित्रवाणीच्या पडद्यावर तें चित्र पाहावयाचें. येथें एक गोष्ट विद्यार्थ्यांनीं लक्षांत ठेवावी. ह्या जातीच्या अगदीं आरंभींच्या कॅमेऱ्यांतहि चित्र घेणें हें अर्धेंच काम होतें. तें बाहेर काढून दुसऱ्या यंत्रांत नेणें हें उरलेलें अर्धें. आजहि तें तसेंच आहे.

२. चित्राचे आंकडे

चित्र कार्डावर कोणत्या रूपानें राहतें? कार्ड फोडून पाहिलें तर आंत रंग दिसणार नाहीं, रेघहि दिसणार नाहीं. तेथें केवळ आंकडे सांठविलेले असतात. चौकटींच्या कागदावर प्रत्येक चौकटींत एकेक रंग भरून आपण नक्षी काढतों, तसें हें चित्र ठिपक्यांचें असतें. आणि प्रत्येक ठिपक्याचा तांबडेपणा, हिरवेपणा व निळेपणा असे तीन आंकडे लिहिले म्हणजे त्या ठिपक्याचा रंग ठरतो.

आतां थोडें गणित करूं. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याचें चित्र आडवें ६,००० व उभें ४,००० ठिपक्यांचें असतें. ह्यांचा गुणाकार २,४०,००,०००, म्हणजे दोन कोटी चाळीस लाख ठिपके. प्रत्येकाचे तीन आंकडे धरले तर ७,२०,००,००० आंकडे झाले. अशा एका आंकड्यास एक बाइट जागा लागते असें धरलें, तर एका चित्रास ७२ मेगाबाइट लागतील. इतकी जागा दरेक चित्रास देणें परवडणार नाहीं, म्हणून १९९२ सालीं ठरलेल्या जेपेग नांवाच्या पद्धतीनें, डोळ्यास सहसा जाणवणार नाहीं असा बारीक तपशील सोडून, चित्र आटोपशीर करून ठेवितात. मग तेंच चित्र साधारणपणें दहा मेगाबाइटांच्या आसपास बसतें.

ह्या आंकड्यांत एक मोठा गुण आहे. कागदी छायाचित्रावरून दुसरें छायाचित्र काढलें तर तें मुळाहून फिकें येतें, आणि त्यावरून तिसरें काढलें तर आणखी फिकें. आंकड्यांचें तसें नाहीं. वहींतील बेरीज दुसऱ्या वहींत नीट उतरवून घेतली तर पहिली खरी व दुसरी खोटी असें कोणी म्हणत नाहीं. तद्वत् चित्राची फाईल एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणीं बरोबर उतरविली तर ती नक्कल मुळाइतकीच मूळ असते. प्रती कितीहि काढा, एकहि फिकी पडत नाहीं. इतकें सोपें साधन हातीं असतांना एकुलत्या एका प्रतीवर भिस्त ठेवणें शहाणपणाचें नव्हे.

३. कार्डाची ओळख

आज पुष्कळ कॅमेऱ्यांत जें कार्ड असतें त्यास एस. डी. कार्ड म्हणतात. त्याची योजना १९९९ सालीं मात्सुशिता, सॅनडिस्क व तोशिबा या तीन कंपन्यांनीं मिळून केली. तें ३२ मिलिमीटर लांब, २४ मिलिमीटर रुंद, आणि दोन मिलिमीटरांहून किंचित् जाड असतें. त्याच्या एका कडेस लहानशी सरकती खिटी असते. ती कुलुपाच्या बाजूस सरकविली म्हणजे कार्डावरील चित्रें वाचतां येतात, परंतु नवीं लिहितां येत नाहींत व जुनीं पुसतांहि येत नाहींत. ह्या खिटीचा उपयोग पुष्कळांस ठाऊक नसतो. तो आम्ही पुढें सांगूं.

कार्ड संगणकांत उघडलें म्हणजे आंत ‘डीसीआयएम’ ह्या अक्षरांचा फोल्डर दिसतो. कॅमेरा कोणत्याहि कंपनीचा असो, हें नांव बहुधा हेंच असतें. कारण १९९८ सालीं जपानांतील उद्योजकांच्या संघानें चित्रें कोठें व कोणत्या नांवानें ठेवावीं याचा एक सामायिक नियम बांधून दिला. त्या नियमाप्रमाणें फाईलच्या नांवांत आरंभीं चार अक्षरें आणि पुढें चार आंकडे असतात. ह्यांत एक खोंच आहे. चार आंकड्यांत ९९९९ च्या पुढें जातां येत नाहीं, म्हणून मोजणी पुन्हां ०००१ वर येते. कित्येक कॅमेऱ्यांत तर अशी सोय असते कीं, रिकामें कार्ड घातलें कीं मोजणी प्रत्येक वेळीं ०००१ पासूनच सुरू व्हावी. तेव्हां दिवाळींतील पहिल्या चित्राचें नांव आणि शाळेच्या स्नेहसंमेलनांतील पहिल्या चित्राचें नांव अगदीं एकच असूं शकतें. अशीं दोन चित्रें एका फोल्डरमध्यें घालूं गेल्यास संगणक विचारतो, “ह्या नांवाची फाईल येथें आहे, तिच्या जागीं ही ठेवूं काय?” घाईंत ‘होय’ म्हटलें कीं दिवाळी गेली! एका वर्गांत एकाच नांवाचे दोन विद्यार्थी असले तर आपण एकाचें नांव कमी करीत नाहीं. बापाचें नांव व आडनांव लावून दोघांस वेगळे ओळखतों. येथेंहि प्रत्येक प्रसंगास वेगळा फोल्डर करणें हाच उपाय.

दुसरी एक सूचना. कांहीं कॅमेऱ्यांत चलच्चित्रें ‘डीसीआयएम’मध्यें न ठेवतां ‘प्रायव्हेट’ नांवाच्या निराळ्या फोल्डरमध्यें ठेवितात. मुलाचें पहिलें पाऊल चलच्चित्रांत घेतलें, छायाचित्रें सगळीं उतरविलीं, आणि कार्ड पुसलें; पाऊल मात्र ‘प्रायव्हेट’मध्यें राहून गेलें, असें होऊं शकतें. म्हणून कार्ड पुसण्यापूर्वीं त्यावरील सर्व फोल्डर उघडून पाहावे.

४. उतरवून घेण्याची रीत

चित्रें नेण्याचे मुख्य मार्ग दोन. एक, कॅमेरा केबलनें संगणकास जोडणें. दुसरा, कार्ड बाहेर काढून कार्ड-रीडरमध्यें घालणें. केबलच्या मार्गानें कार्डास हात लावावा लागत नाहीं, परंतु मध्येंच कॅमेऱ्याची बॅटरी संपली तर काम तुटतें. कार्ड-रीडरास संगणकांतूनच वीज मिळते, आणि काम बहुधा लवकर होतें. घरीं दोन्ही साधनें असल्यास आम्ही कार्ड-रीडर सुचवूं.

हीं दोन्ही साधनें संगणकास यू. एस. बी. नांवाच्या जोडणीनें जोडतात. ही योजना १९९६ सालीं प्रसिद्ध झाली. तिच्या आद्य कर्त्यांत इंटेल कंपनींतील अजय भट्ट हे होते, आणि त्यांचें अभियांत्रिकीचें पहिलें शिक्षण बडोद्यास महाराजा सयाजीराव विद्यापीठांत झालें, हें आमच्या विद्यार्थ्यांस कळल्यास आनंद होईल. ह्या जोडणीचा वेग कसा वाढला तें गणितानेंच पाहूं. स्नेहसंमेलनाचीं ५०० चित्रें दरेकीं १० मेगाबाइट धरलीं तर ५,००० मेगाबाइट होतात. पहिल्या पिढींतील जोडणी फार झालें तर सेकंदास दीड मेगाबाइट नेई. तेव्हां त्या कामास ५५ मिनिटांहून अधिक लागलीं असतीं. २००० सालच्या दुसऱ्या आवृत्तीनें प्रत्यक्ष व्यवहारांत सेकंदास तीस मेगाबाइटांच्या आसपास जातात, म्हणजे तेंच काम तीन मिनिटांच्या आंत होतें. २००८ सालची तिसरी आवृत्ति त्याहूनहि वेगवान आहे. मात्र कार्ड व रीडर हीं दोन्ही त्या तोलाचीं असलीं तरच तिचा लाभ मिळतो.

आतां प्रत्यक्ष कृति क्रमानें सांगतों.

पहिली : कॅमेरा बंद करावा, आणि कार्ड लिहिलें जात असल्याचा दिवा विझल्यावरच तें बाहेर काढावें. अक्षर लिहीत असतांना पाटी ओढली तर अक्षर मोडतें, तसेंच हें आहे.

दुसरी : खिटी कुलुपाच्या बाजूस सरकवावी. असें केलें म्हणजे पुढील कामांत कोणाचा हात चुकला, शेजारच्या लहान भावानें एखादी कळ दाबली, तरी मूळ चित्रांस धक्का लागत नाहीं.

तिसरी : कार्ड रीडरमध्यें घालून संगणकास जोडावें. विंडोज असलेल्या संगणकांत फाईल एक्सप्लोरर उघडल्यावर कार्ड एखाद्या नव्या डिस्कप्रमाणें दिसतें. मॅक संगणकांत ‘इमेज कॅप्चर’ ह्या साधनानेंहि चित्रें घेतां येतात.

चौथी : संगणकांत नवा फोल्डर करून त्यास नांव द्यावें. नांवांत आधीं वर्ष, मग महिना, मग दिवस, आणि शेवटीं प्रसंग लिहावा. उदाहरणार्थ, ‘२०२४-१२-२१ स्नेहसंमेलन’. दिवस आधीं कां लिहूं नये, असें कोणी विचारील. संगणक नांवें डावीकडून उजवीकडे वाचून क्रम लावतो. दिवस आधीं लिहिल्यास सर्व वर्षांतील एक तारखा एकत्र होतील, आणि क्रम विसकटेल. वर्ष आधीं लिहिलें तर फोल्डर आपोआप कालानुक्रमानें उभे राहतात.

पांचवी : कार्डावरील चित्रें निवडून ‘कॉपी’ करावीं, आणि नव्या फोल्डरमध्यें ‘पेस्ट’ करावीं. ‘कट’ करूं नये. ह्या दोन शब्दांतील भेद नीट समजून घ्यावा. ‘कॉपी’ म्हणजे उतरवून घेणें. मूळ जागच्या जागीं राहतें. ‘कट’ म्हणजे उचलून नेणें. पलीकडे पोहोंचलें कीं अलीकडचें नाहींसें होतें. वाटेंत वीज गेली किंवा केबल निसटली, तर उतरवून घेणाऱ्यास काम पुन्हां आरंभितां येतें. उचलून नेणाऱ्याचें काय या तीरावर राहिलें आणि काय त्या तीरावर पोहोंचलें, याचा मेळ लागणें कठीण पडतें.

सहावी : ताडून पाहावें. दोन्हीकडील सर्व फाईली निवडून त्यांची संख्या आणि एकंदर आकार पाहावा. कार्डावर ५०० व संगणकांत ४९८ असतील तर काम पुरें झालें नाहीं. आंकडे जुळले तरी निरनिराळ्या ठिकाणचीं दहा-पांच चित्रें उघडून पूर्ण आकारांत पाहावीं. लहान चित्र ठीक दिसतें आणि मोठें करतांच खालचा अर्धा भाग करडा निघतो, असाहि प्रकार होतो.

सातवी : दुसऱ्या एखाद्या डिस्कवर आणखी एक प्रत करावी. ती झाल्यावर ‘इजेक्ट’ म्हणून कार्ड रीतसर सोडवावें, खिटी पूर्ववत् करावी, आणि मगच कार्ड कॅमेऱ्यांत परत घालून कॅमेऱ्यांतीलच ‘फॉर्मॅट’ ह्या सोयीनें पुसावें.

ह्या सात पायऱ्यांत सहावी व सातवी सर्वांत अधिक गाळल्या जातात, आणि पुढें होणारा पस्तावा बहुतेक तेथूनच निघतो.

५. पुसणें म्हणजे काय

गेल्या पावसाळ्यांत शाळेचा एक माजी विद्यार्थी आमच्याकडे कार्ड घेऊन आला. त्याच्या आजीस जाऊन पंधरा दिवस झाले होते. तिचे चांगले फोटो म्हणून जे काय होते ते, दोन वर्षांपूर्वीं ती अंगणांत मोगऱ्याचे गजरे करीत बसली असतां नातवानेंच घेतलेले. ते कार्डावरच राहिले होते. मध्यंतरीं चुलत बहिणीचें लग्न ठरलें, कार्ड भरलेलें दिसलें, आणि घरांतील कोणी तरी “हीं जुनीं चित्रें संगणकांत असतीलच” असें समजून तें पुसलें. लग्नाचे दोन दिवस त्यावर चित्रें घेतलीं गेलीं.

त्यानें आम्हांस विचारलें, पुसलेलें परत येतें काय? ह्याचें उत्तर कार्डाच्या रचनेंत आहे. कार्डावर एक हजेरीपट असतो, आणि वर्गांतील बांकें असतात. पटावर प्रत्येक फाईलचें नांव व तिचें बांक लिहिलेलें असतें. आपण चित्र पुसतों तेव्हां संगणक बहुधा पटावरील नांवावर काट मारतो, इतकेंच; विद्यार्थी बांकावर तसाच बसलेला असतो. मात्र पटाप्रमाणें तें बांक रिकामें ठरल्यामुळें नवा विद्यार्थी आला कीं त्यास तेथें बसवितात, आणि मग जुना कायमचा उठतो. म्हणून चुकून चित्र पुसलें गेल्याचें ध्यानांत येतांच त्या कार्डावर एकहि नवें चित्र घेऊं नये. खिटी लावून तें बाजूस ठेवावें. फोटोरेक यासारखीं विनामूल्य साधनें मिळतात. तीं पटाकडे न पाहतां एकेक बांक तपाशीत जातात आणि जें बसलेलें सांपडेल तें परत आणितात. परत आणलेल्या फाईली मात्र त्याच कार्डावर न लिहितां संगणकाच्या डिस्कवर लिहाव्या. नाहीं तर शोधणाराच बांकें अडवावयाचा.

आम्हीं तें कार्ड त्याच्यासमोर तपासलें. लग्नाच्या चित्रांनीं बहुतेक बांकें भरून गेलीं होतीं. आजीच्या चित्रांपैकीं तीन हातीं आलीं. दोहोंत खालचा भाग गेला होता. तिसऱ्यांत तिचे हात, सुईदोरा आणि परडींतील कळ्या स्वच्छ दिसत होत्या. चेहऱ्याच्या जागीं करडी पट्टी होती. मुलगा बराच वेळ तें चित्र पाहत बसला. मग म्हणाला, “सर, हें तरी दोन ठिकाणीं ठेवून द्या.”

येथें कोणास दोष देण्याचें कारण नाहीं. पुसणाऱ्यास वाटलें, उतरवून घेतलें असेल. घेणाऱ्यास वाटलें, कोणी पुसणार नाहीं. दोघांचेंहि म्हणणें सरळ होतें, परंतु मध्यें ताडून पाहणारा कोणी नव्हता. म्हणून घरांत हें काम एका माणसाकडे सोंपवावें, आणि “असेलच” ह्या शब्दावर कोणतेंहि कार्ड पुसूं नये.

६. वही कोठें ठेवावी

संगणकांत चित्रें उतरविलीं म्हणजे सगळी काळजी मिटली, असें नाहीं. संगणकाची डिस्क एके दिवशीं बंद पडते. ती केव्हां पडेल हें ती कळवून करीत नाहीं. म्हणून जाणते लोक तीन-दोन-एक असा नियम पाळतात. प्रती तीन असाव्या. त्या दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्या. आणि त्यांतील एक घराबाहेर असावी. शेवटच्या कलमाचें महत्त्व आपल्या प्रांतीं वेगळें सांगावयास नको. २००५ सालच्या २६ जुलै रोजीं मुंबईंत, आणि २०१९ सालच्या ऑगस्टांत कोल्हापूर व सांगली ह्या भागांत, ज्या घरांत पाणी शिरलें त्यांनीं काय काय गमावलें हें पुष्कळांच्या स्मरणांत आहे. एकाच कपाटाच्या खालच्या खणांत ठेवलेल्या दोन प्रती पाण्याच्या दृष्टीनें एकच प्रत होय. एक डिस्क दुसऱ्या गांवीं मामाकडे किंवा आत्याकडे ठेवावी, अथवा इंटरनेटवरील विश्वासाच्या सांठवणुकींत एक प्रत असावी.

पालकांपैकीं कांहीं जण म्हणतील कीं, चित्रें व्हॉट्सॲपवरून सर्व नातलगांस पाठविलीं आहेत, तेव्हां प्रती पुष्कळ झाल्या. ह्यांत एक गैरसमज आहे. त्या मार्गानें नेहमींच्या रीतीनें पाठविलेलें चित्र लवकर पोहोंचावें म्हणून लहान करून पाठविलें जातें. भ्रमणध्वनीच्या पडद्यावर तें चांगलें दिसतें. परंतु भिंतीवर लावण्यासाठीं मोठें छापावयास दिलें कीं त्यांतील उणीव उघड होते. शिवाय मूळ फाईलच्या पोटांत चित्र घेतल्याची तारीख, वेळ आणि कॅमेऱ्याची माहिती लिहिलेली असते. तीहि त्या प्रवासांत गळून पडते. कांहीं नसण्यापेक्षां अशी प्रत बरी, पण ती मुळाच्या योग्यतेची नव्हे. भ्रमणध्वनींत घेतलेल्या चित्रांसहि हाच सर्व विचार लागू आहे. तींहि केबलनें संगणकांत उतरवून, ताडून, दोन-तीन ठिकाणीं ठेवावीं.

तारखेविषयीं बोलतांना हेंहि सांगितलें पाहिजे कीं, कॅमेरा स्वतःच्या घड्याळांत जी तारीख असेल तीच लिहितो. घड्याळ चुकीचें असलें तर बारशाचें चित्र बाळाच्या जन्मापूर्वींचें ठरावयाचें. म्हणून महत्त्वाच्या प्रसंगापूर्वीं घड्याळ तपासावें.

आणि एक गोष्ट अशी आहे कीं, ती कॅमेऱ्यास मुळींच लिहितां येत नाहीं. चित्रांत डावीकडे उभी असलेली बाई कोण, तिचें माहेर कोणतें, ती ह्या घराची कोण लागते, हें यंत्रास ठाऊक नसतें. जुन्या छापील फोटोच्या पाठीमागें कोणी तरी शाईनें नांवें लिहून ठेवीत; तो रिवाज आपण सोडूं नये. प्रत्येक फोल्डरमध्यें एक लहानशी मजकुराची फाईल ठेवून तींत प्रसंग, गांव, आणि माणसांचीं नांवें डावीकडून उजवीकडे लिहून ठेवावीं. जीं माणसें नांवें सांगूं शकतात तीं हयात असतांनाच हें काम झालें पाहिजे. त्यास दुसरा मुहूर्त नाहीं.

विद्यार्थिमित्रहो, परीक्षा संपल्यावर सुट्टींत करण्याजोगें एक काम आम्ही तुम्हांस सांगतों. घरांत जितकीं कार्डें, जुने कॅमेरे आणि बंद पडत आलेले भ्रमणध्वनि असतील ते सर्व गोळा करा. वडिलांची किंवा आईची परवानगी घ्या. कारण चित्रें त्यांचीं आहेत, आणि कोणतें कोणास दाखवावें हें ठरविण्याचा अधिकारहि त्यांचाच आहे. मग वर सांगितलेल्या क्रमानें एकेक कार्ड उतरवून घ्या, संख्या जुळवा, दुसरी प्रत करा, आणि एके संध्याकाळीं आजी-आजोबांस संगणकासमोर बसवून त्यांच्या तोंडून नांवें लिहून घ्या. कार्ड पुसण्याची घाई करूं नका. शाळेंत तुम्हीं शेंकडों वेळां पाटी पुसली असेल, आणि त्यांत कांहीं बिघडलें नाहीं. कारण पाटीवरचें गणित पुन्हां करतां येत होतें. अंगणांत गजरे करीत बसलेली आजी पुन्हां तेथें बसवितां येत नाहीं.